जोडणीचा सेल पुन्हा चालवला की पोर्ट ‘व्यस्त’, आणि रीडिंग एका पावलाने मागे: नोटबुकमधून उपकरणं चालवताना वारंवार येणारी अडचण

ज्युपिटर नोटबुकमधून, म्हणजे ब्राउझरमध्ये तुकड्यातुकड्यांनी (‘सेल’ने) पायथन कोड चालवणाऱ्या पानावरून, मल्टिमीटर, पॉवर सप्लाय, तापमान नियंत्रक किंवा आर्डुइनो चालवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला ही अडचण कधी ना कधी भेटते. पहिल्यांदा जोडणीचा सेल चालवला तेव्हा सगळं सुरळीत होतं. मग कोडमधली एखादी ओळ बदलून तोच सेल पुन्हा चालवला, आणि विंडोजवर लाल अक्षरांत ‘परमिशन एरर १३, अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ आलं. व्हीसामार्फत, म्हणजे उपकरणांशी बोलण्याच्या प्रमाणित सॉफ्टवेअरमधून, सिरियल पोर्ट उघडत असाल तर -१०७३८०७२४६ हा आकडा दिसतो. त्याचा अर्थ, साधन दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात आहे. कर्नल, म्हणजे मागे कोड चालवणारी पायथनची प्रोसेस, रिस्टार्ट केला की काम पुढे सरकतं, आणि थोड्या वेळाने तीच गोष्ट पुन्हा घडते.

याच अडचणीचं दुसरं रूप गुपचूप येतं. मोजमाप मध्येच थांबवलं, सेल पुन्हा सुरू केला, कुठेही एरर नाही. पण व्होल्टेज विचारलं तेव्हा आलेला आकडा आधी विचारलेल्या तापमानाचा असतो, आणि तापमानाच्या जागी व्होल्टेज येतं. दोन्ही राशी जवळपासच्या असतील तर आलेखाकडे पाहूनही शंका येत नाही. पहिलं रूप काम अडवतं, दुसरं रूप डेटा खराब करतं. म्हणून दुसऱ्याची मला जास्त काळजी वाटते, आणि या लेखात त्याला जागाही जास्त दिली आहे.

दोन्हींचं मूळ एकच आहे: उपकरणाशी झालेली जोडणी सेलपेक्षा जास्त काळ जगते, आणि तिचा शेवट कधी होणार हे कोणी ठरवलेलं नसतं. आयपायथन, म्हणजे पायथनशी संवाद साधत काम करण्याचं साधन, २००१ साली सुरू झालं, त्यात ब्राउझरमधली नोटबुक २०११ मध्ये आली आणि २०१४ मध्ये त्यातून ज्युपिटर प्रकल्प वेगळा झाला. हा सगळा विचार गणनेभोवती वाढला. गणनेत एखादा सेल दहा वेळा चालवला तर वेळेपलीकडे काही जात नाही. उपकरणाच्या बाबतीत मात्र प्रत्येक वेळी सेल चालवणं ही खऱ्या जगातली कृती असते: मोटर सरकते, रिले बदलतो, पोर्ट उघडतो. या फरकाकडे लक्ष ठेवलं तर पुढची बहुतेक कोडी सुटतात.

ताबा नेमका कोणाकडे आहे?

आपल्याला दिसतं ते ब्राउझरमधलं पान. त्याच्या मागे ज्युपिटरचा सर्व्हर असतो आणि त्याच्याही मागे कर्नल, म्हणजे स्वतंत्र चालणारी पायथनची प्रोसेस. पोर्ट उघडतो तो कर्नल. ऑपरेटिंग सिस्टिमच्या नोंदीत पोर्ट कर्नलच्याच नावावर असतो. पान बंद केलं तरी कर्नल चालूच राहतो आणि पोर्ट त्याच्याकडेच राहतो. प्रत्येक नोटबुकचा कर्नल वेगळा असल्यामुळे काल उघडलेली ‘चाचणी’ नावाची नोटबुक आजच्या नोटबुकचा पोर्ट अडवून बसू शकते. ज्युपिटरलॅबच्या डाव्या बाजूला चालू कर्नलची यादी असते. अडचण आली की सर्वांत आधी ती यादी बघा आणि नको असलेले कर्नल तिथूनच बंद करा.

कर्नलखेरीज इतरही दावेदार असतात. आर्डुइनोच्या संपादकातला सिरियल मॉनिटर उघडा राहिला असेल तर पोर्ट त्याच्याकडे असतो. उपकरण बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर मागे चालू असू शकतं. लिनक्सवर मोडेममॅनेजर नावाची सेवा नवीन सिरियल साधन दिसताच ‘हा मोडेम आहे का’ हे पाहण्यासाठी त्याच्याशी बोलून बघते. जोडल्यानंतरचे पहिले काही सेकंद पोर्ट व्यस्त आणि मग आपोआप मोकळा, असं होत असेल तर शंका तिथे घ्यावी. लिनक्स आणि मॅकवर ‘एलएसओएफ’ला पोर्टचं नाव दिलं की तो धरून बसलेल्या प्रोसेसचा क्रमांक मिळतो. नोटबुकमध्ये ‘ओएस’ मॉड्यूलचं ‘गेटपिड’ चालवून आपल्या कर्नलचा क्रमांक काढा आणि दोन्ही ताडून पाहा. क्रमांक जुळला तर पोर्ट तुमच्याच कर्नलकडे आहे, आणि पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे.

नाव पुसलं तरी जोडणी मरत नाही

जोडणीच्या सेलमध्ये सहसा एकच ओळ असते: ‘मीटर’ या नावाला नवीन उघडलेलं सिरियल ऑब्जेक्ट द्यायचं. सेल पुन्हा चालवल्यावर जुनं ऑब्जेक्ट आपोआप जाईल अशी अपेक्षा असते. पण पायथन आधी बरोबरच्या चिन्हाची उजवी बाजू पूर्ण करतो, मग डावीकडचं नाव बदलतो. म्हणजे नवीन जोडणी उघडायचा प्रयत्न होतो तेव्हा जुनी जोडणी अजून जिवंत असते, कारण ‘मीटर’ हे नाव तिलाच चिकटलेलं आहे. विंडोज दुसऱ्यांदा पोर्ट देत नाही, एरर येते, आणि नाव बदलायची वेळच येत नाही.

मग पुष्कळ जण आधी ‘डेल मीटर’ लिहितात. कधी चालतं, कधी नाही, आणि या ‘कधी कधी’मुळे माणूस जास्त गोंधळतो. डेल फक्त नाव पुसतो. ऑब्जेक्टकडे दुसरं कोणी बोट दाखवत असेल तर ते जिवंतच राहतं, आणि नोटबुकमध्ये अशी न दिसणारी बोटं पुष्कळ असतात. सेलच्या शेवटच्या ओळीवर नुसतं ‘मीटर’ लिहून त्याची माहिती पाहिली असेल, तर आयपायथनने ते ऑब्जेक्ट आपल्या ‘आउट’ यादीत आणि अंडरस्कोर नावाच्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवलेलं असतं. या यादीची मूळ मर्यादा १००० नोंदींची आहे, त्यामुळे दिवसभराच्या कामात ती नोंद सहसा बाहेर पडत नाही. दुसरं बोट एररचं. एखाद्या फंक्शनच्या आत एरर आली की तिचा ट्रेसबॅक (एरर कुठून आली याची नोंद) पुढच्या तपासासाठी जपला जातो, आणि त्या ट्रेसबॅकबरोबर फंक्शनमधली सगळी स्थानिक व्हेरिएबल्सही, म्हणजे आत उघडलेला पोर्टसुद्धा. एरर आल्यानंतरच पोर्ट अडकतो, असं ज्यांना जाणवतं त्यांचं कारण बहुधा हेच असतं. तिसरं बोट थ्रेडचं, म्हणजे त्याच प्रोग्रॅममध्ये मागे समांतर चालणाऱ्या कामाचं: दर सेकंदाला रीडिंग घेणारा थ्रेड सुरू केला असेल तर तो संपेपर्यंत जोडणी सुटत नाही.

आयपायथनमध्ये ‘एक्सडेल’ नावाची मॅजिक कमांड आहे. ती नाव पुसताना आयपायथनच्या स्वतःच्या नोंदींतूनही ते ऑब्जेक्ट काढायचा प्रयत्न करते. अडकलेल्या प्रसंगी ती उपयोगी पडते. पण रोजची सवय म्हणून ती लावू नये, कारण ऑब्जेक्ट मरेल आणि मरताना पोर्ट सोडेल या भरवशावर काम करणंच चुकीचं आहे. जोडणी उघडणारी ओळ जिथे आहे तिथे बंद करणारी ओळही असली पाहिजे. ‘क्लोज’ स्पष्टपणे म्हणा. ऑब्जेक्टकडे कितीही बोटं असली तरी क्लोज केल्यावर पोर्ट मोकळा होतो.

लिनक्स वापरणाऱ्यांना वाटेल, आमच्याकडे ही एरर येतच नाही. खरं आहे, आणि तिथेच धोका आहे. पायसिरियल, म्हणजे सिरियल पोर्टसाठीची पायथन लायब्ररी, लिनक्सवर मुळात कुलूप लावत नाही. तोच पोर्ट दोनदा उघडतो, आणि उपकरणाकडून येणारे बाइट जो आधी वाचेल त्याला मिळतात. अर्धं उत्तर एकाला, अर्धं दुसऱ्याला. मधूनच तुटके आकडे किंवा अक्षरांचं आकड्यात रूपांतर न झाल्याची एरर येत असेल तर हे तपासा. पोर्ट उघडताना ‘एक्सक्लुझिव्ह’ हा पर्याय ‘ट्रू’ ठेवला की लिनक्सवरही दुसऱ्यांदा उघडताना एरर येते. ही सोय पायसिरियलच्या ३.३ आवृत्तीपासून आहे. एरर येणं इथे आपल्या फायद्याचं आहे.

आर्डुइनो उनोसारख्या बोर्डची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोर्ट उघडला की डीटीआर ही सिरियलची नियंत्रण-रेषा बदलते आणि त्यामुळे बोर्ड रिसेट होतो. बटण न दाबता प्रोग्रॅम बोर्डावर चढवता यावा म्हणून ही रचना मुद्दाम केलेली आहे. पण प्रयोग चालू असताना जोडणीचा सेल पुन्हा चालवला तर पिनांवरची सगळी स्थिती जाते, आणि बूटलोडर (प्रोग्रॅम चढवून घेणारा छोटा कार्यक्रम) चालू असतानाच्या एक-दोन सेकंदांत पाठवलेल्या कमांडही वाया जातात. पोर्ट उघडल्यावर बोर्डाने स्वतःहून ‘तयार’ असा संदेश पाठवावा आणि नोटबुकने त्याची वाट पाहावी. अंदाजाने झोपवलेल्या सेकंदांपेक्षा हे खात्रीचं आहे.

केबल निघाली, लॅपटॉप झोपला किंवा विंडोजने वीज वाचवण्यासाठी यूएसबी पोर्ट निजवला, की हाच ताबा वेगळ्या रूपात आडवा येतो. कर्नलने जुना ‘टीटीवाययूएसबी ०’ धरून ठेवलेला असतो, म्हणून परत जोडलेलं तेच उपकरण लिनक्सवर ‘टीटीवाययूएसबी १’ होऊन उगवतं आणि कोड मात्र शून्यालाच शोधत बसतो. लिनक्समध्ये ‘डेव्ह’ फोल्डरमधल्या ‘सिरियल’मध्ये ‘बाय-आयडी’ नावाची जागा असते. तिथली नावं उपकरणाच्या अनुक्रमांकावरून बनतात, ती वापरा. विंडोजवर कॉम क्रमांक कोडमध्ये लिहून ठेवण्याऐवजी पायसिरियलच्या पोर्ट-यादीतून उत्पादक क्रमांक आणि अनुक्रमांक जुळवून पोर्ट शोधा. आणि मोजमापाच्या संगणकाची झोप बंद करा.

‘ऑटोरीलोड’ (बदललेली मॉड्यूल आपोआप पुन्हा लोड करणारी आयपायथनची सोय) वापरत असाल तर एक नियम पाळा: मॉड्यूलच्या वरच्या पातळीवर पोर्ट उघडू नका. फाइल जतन केली की पुढचा कोणताही सेल चालवताना मॉड्यूल पुन्हा चालतं, त्याबरोबर पोर्ट उघडायची ओळही पुन्हा चालते, आणि ज्या सेलमध्ये जोडणीचा विषयही नाही तिथे एरर फुटते.

उत्तरं एकाने मागे का पडतात

उपकरणाला प्रश्न विचारणं ही एक कृती वाटते, पण आत त्या दोन असतात: प्रश्न लिहिणं आणि उत्तर वाचणं. या दोन्हींच्या मध्ये काही बिघडलं तर उत्तर येतं, पण ते उचलायला कोणी नसतं. ते बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, पडून राहतं. पुढचा प्रश्न विचारला की वाचणारा हे जुनं उत्तर उचलतो, आणि नवं उत्तर त्याच्या मागे रांगेत उभं राहतं. त्यानंतर प्रत्येक उत्तर एकाने मागे. एरर कुठेच नाही, कारण प्रत्येक प्रश्नाला काही ना काही उत्तर वेळेत मिळतंच.

दोघांच्या मध्ये बिघडवणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन. एक, आपण दाबलेलं थांबवायचं बटण. दुसरी, टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मुदत संपणं, आणि ती जास्त वेळा घडते. पायव्हीसा या व्हीसासाठीच्या पायथन लायब्ररीत टाइमआउट मुळात २००० मिलिसेकंद असतो. आता मल्टिमीटरवर अचूकतेसाठी १०० एनपीएलसी ठेवलं आहे असं समजा, म्हणजे विजेच्या १०० आवर्तनांइतका वेळ सरासरी. ५० हर्ट्झवर ते बरोबर २ सेकंद होतात, आणि ऑटोझिरो (प्रत्येक वेळी शून्यही मोजून घेणं) चालू असेल तर साधारण दुप्पट. पायव्हीसा २ सेकंदांनी हात झटकतं आणि -१०७३८०७३३९ हा टाइमआउटचा आकडा दाखवतं. मीटर मात्र आपलं काम पूर्ण करतो आणि उत्तर तयार ठेवतो. लूपमध्ये एरर गिळून पुढे जाणारी ओळ असेल, तर तिथून पुढचा सगळा डेटा सरकलेला.

जीपीआयबी (उपकरणांसाठीची समांतर जोडणी) किंवा यूएसबीवरची, एससीपीआय ही प्रमाणित कमांड-भाषा पाळणारी उपकरणं इथे थोडी मदत करतात. आधीचं उत्तर न वाचता नवा प्रश्न आला की ती जुनं उत्तर टाकून देतात आणि आपल्या एररच्या रांगेत -४१०, म्हणजे ‘क्वेरी इंटरप्टेड’, अशी नोंद करतात. उलट, प्रश्न न विचारता वाचायला गेलात तर -४२०, ‘क्वेरी अनटर्मिनेटेड’. म्हणून गडबड वाटली की ‘सिस्टिम एरर’ची क्वेरी शून्य येईपर्यंत पुन्हा पुन्हा करा आणि जे येईल ते लिहून ठेवा. आधी ‘सीएलएस’ पाठवू नका, त्याने ही रांगच पुसली जाते आणि पुरावा जातो. साध्या सिरियल जोडणीवरच्या नियंत्रकांकडून मात्र अशी शिस्त अपेक्षित धरू नका. तिथे सरकलेलं उत्तर सरकलेलंच राहतं.

सरकलं आहे का, हे ओळखायला ‘आयडीएन’ ही ओळख विचारणारी क्वेरी पुरते. तिच्या उत्तरात कंपनीचं नाव आणि मॉडेल यायला हवं. आकडा आला, तर आधीचं उत्तर अजून रांगेत आहे.

दुरुस्तीचा क्रम मी असा ठेवतो. उपकरणाचं सगळ्यात लांब मोजमाप जितका वेळ घेतं, तेवढा वेळ आधी थांबायचं. मग व्हीसा जोडणी असेल तर ‘क्लिअर’, सिरियल असेल तर ‘रिसेट इनपुट बफर’. मग ओळख विचारायची आणि उत्तर तपासायचं. जुळलं तरच पुढे. थांबण्याची पायरी वगळू नका, कारण बफर रिकामा करणारी कमांड संगणकापर्यंत पोहोचलेले बाइटच टाकते. उपकरण अजून मोजत असेल तर त्याचं उत्तर नंतर येईल आणि रिकाम्या केलेल्या बफरमध्ये जाऊन बसेल.

आणि टाइमआउट मोजमापाला शोभेल असा ठेवा: एनपीएलसी बदलणाऱ्या फंक्शनमध्येच टाइमआउटही बदला, अपेक्षित वेळेच्या दुपटीहून थोडा जास्त. कायमची वाट पाहणारा टाइमआउट कधीच नको. पायसिरियलमध्ये काहीच दिलं नाही तर तो तसाच असतो, म्हणून उघडताना आठवणीने आकडा द्या.

थांबवायचं बटण दाबल्यावर नक्की काय होतं

इंटरप्टचं बटण कर्नलला एक इशारा देतं, आणि पायथन तो दोन सूचनांच्या मधल्या फटीत पाहतो. ड्रायव्हरच्या सी भाषेतल्या लायब्ररीत वाट पाहणं चालू असेल तर ती फट येतच नाही. व्हीसा वाचनात अडकलेला सेल बटण दाबूनही हलत नाही तो यामुळे. टाइमआउट लहान असेल तर तो संपल्यावर इशारा पोहोचतो. टाइमआउट अमर्याद असेल तर कर्नल मारण्यावाचून मार्ग राहत नाही. आणि जबरदस्तीने मारलेला कर्नल ‘फायनली’तली एकही ओळ चालवत नाही.

रिस्टार्टबद्दलचा सर्वांत घातक गैरसमज इथे आहे. रिस्टार्टने कर्नलची स्मृती कोरी होते आणि ऑपरेटिंग सिस्टिम पोर्ट सोडवते. उपकरणाची स्मृती जशीच्या तशी राहते. पॉवर सप्लायचं आउटपुट चालूच, हीटर तापतच, मोटर शेवटच्या कमांडप्रमाणे फिरत. नव्या कर्नलला यातलं काही माहीत नसतं. म्हणून जोडणीनंतरचं पहिलं काम उपकरणाला त्याची सध्याची स्थिती विचारण्याचं असावं. आधीच ‘आरएसटी’ पाठवून सगळं मूळपदावर आणण्याची सवय बऱ्याच उदाहरणांत दिसते. चालू प्रयोगावर ती धोक्याची आहे.

थांबवल्यावर सुरक्षित स्थितीत जाण्यासाठी मोजमापाचा लूप ‘ट्राय’मध्ये आणि आवराआवर ‘फायनली’मध्ये ठेवा. इंटरप्ट झाल्यावरही फायनली चालतं. पण लूपच्या आत नुसतं ‘एक्सेप्ट’ लिहून पुढे जात असाल, तर इंटरप्टसुद्धा तिथेच गिळला जातो आणि लूप चालूच राहतो. ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ असं लिहा. कीबोर्ड इंटरप्ट त्या जातीत मोडत नाही, त्यामुळे तो बाहेर पडू शकतो. फायनलीमध्येही आधी संवाद जुळवून घ्या, मग बंद करण्याच्या कमांड पाठवा, आणि त्या चालू असताना बटण दुसऱ्यांदा दाबू नका. दुसरा इंटरप्ट फायनलीलाही अर्ध्यावर तोडतो.

सुरक्षित म्हणजे ‘सगळं बंद’ असंही नाही. सुपरकंडक्टिंग चुंबकाचा प्रवाह झटक्यात शून्य करायचा नसतो, तो ठरलेल्या गतीने उतरवायचा असतो. थंड पाण्याचा पंप हीटरनंतरही चालू राहायला हवा. हे प्रत्येक मांडणीसाठी माणसाने बसून ठरवायचं आहे. आणि ज्याने माणसाला इजा होऊ शकते किंवा नमुना जळू शकतो, त्याचा शेवटचा आधार नोटबुक नसावी. सप्लायची प्रवाहमर्यादा, अतिव्होल्टेज संरक्षण, तापमानाचा स्वतंत्र कटऑफ आणि दाराचा इंटरलॉक हे हार्डवेअरमध्येच असले पाहिजेत.

नोटबुकमध्ये बनवलेलं ‘स्टॉप’ बटण चालत नाही

आयपायविजेट्स या नोटबुकसाठीच्या लायब्ररीतून सुंदर बटणं आणि स्लायडर बनवता येतात, आणि मोजमापाचा लूप सुरू असताना ती मख्ख बसतात. कारण बटणाचा संदेश कर्नलकडे त्याच रांगेतून जातो जिच्यात सेल असतात. सेल संपल्याशिवाय बटणाचं फंक्शन चालत नाही. वाईट म्हणजे त्या काळात बटण दहा वेळा दाबलं असेल तर लूप संपल्यावर दहाही कमांड एकामागून एक उपकरणावर जातात. सेल व्यस्त असताना शिफ्ट-एंटर दाबत राहण्याचंही तसंच, प्रत्येक दाबणं रांगेत बसतं.

यावर उपाय म्हणजे लूप वेगळ्या थ्रेडमध्ये चालवणं आणि बटणाने फक्त एक ‘थांब’ खूण लावणं. लूप प्रत्येक फेरीत ती खूण पाहतो. मात्र थ्रेड आला की दोन जण एकाच पोर्टवर बोलू लागतात, म्हणून प्रश्न-उत्तराच्या जोडीभोवती कुलूप हवं. लिहिण्याभोवती एक आणि वाचण्याभोवती दुसरं असं नव्हे, दोन्हींना मिळून एकच. शिवाय वरचं इंटरप्ट बटण थ्रेडपर्यंत पोहोचत नाही, त्याचा इशारा मुख्य थ्रेडलाच मिळतो. ही तयारी नसेल तर थ्रेडच्या वाटेला जाऊ नका. साधा लूप आणि इंटरप्ट बटण पुरतं.

कायमचा बंदोबस्त

जोडणीचा सेल कितीही वेळा चालवला तरी परिणाम एकच राहील अशी व्यवस्था करा. ‘जोडणी मिळव’ असं एक फंक्शन साध्या पायथन फाइलमध्ये ठेवा. ते आपल्याकडच्या नोंदवहीत बघेल: या पत्त्याची जोडणी आधीच असेल तर ओळख विचारून तीच परत देईल, ओळख जुळली नाही तर ती बंद करून नवी उघडेल, नसेल तर उघडून नोंद करेल. क्यूकोड्स या उपकरणं चालवण्याच्या पायथन लायब्ररीत हे तयार मिळतं. तिथे एकाच नावाचं उपकरण दोनदा बनवायला गेलात तर एरर येते, आणि ‘फाइंड ऑर क्रिएट इन्स्ट्रुमेंट’ हे फंक्शन आधीचंच परत देतं. सगळं सोडायला ‘क्लोज ऑल’ आहे.

तोच नियम कमांडनाही लावा. ‘अजून १ मिलिमीटर सरक’ असा सेल दोनदा चालला तर नमुना २ मिलिमीटर सरकतो. ‘१२ मिलिमीटरवर जा’ हा सेल कितीही वेळा चालला तरी नमुना तिथेच राहतो. ‘रन ऑल’ची सवय असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण ते बटण विश्लेषणाचे आणि मोटरचे सेल वेगळे ओळखत नाही. माझं स्पष्ट मत असं की मोजमापाची नोटबुक आणि विश्लेषणाची नोटबुक वेगळी असावी, आणि दोघींमध्ये फक्त डेटाची फाइल असावी. रीडिंग आलं की लगेच वेळेसह फाइलमध्ये लिहून ‘फ्लश’ करा, म्हणजे ते बफरमध्ये अडकू देऊ नका. पानावर छापलेल्या आकड्यांना डेटा समजू नका, ब्राउझरशी संपर्क तुटला तर त्या काळातलं छापलेलं हाती लागेलच असं नाही.

दिवसेंदिवस चालणाऱ्या प्रयोगासाठी आणखी एक पाऊल पुढे जावं लागतं. उपकरणाचा ताबा नोटबुकच्या कर्नलकडून काढून स्वतंत्र प्रोसेसला द्यायचा, आणि नोटबुकने तिला फक्त विनंती करायची. मोठ्या प्रयोगशाळा असंच करतात. कण-त्वरकांसाठी लॉस अलामोस आणि अरगॉन यांच्या सहकार्यातून वाढलेल्या एपिक्स या नियंत्रण-प्रणालीत उपकरणांशी बोलणारा कार्यक्रम वेगळा चालतो, आणि पायथन फक्त किमती वाचतं-लिहितं. युरोपातल्या सिंक्रोट्रॉनमध्ये रुजलेलं टँगोही याच वळणाचं. ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत विकसित झालेल्या ब्लूस्काय या प्रयोग चालवण्याच्या पायथन लायब्ररीचं इंजिन आयपायथनमध्ये चालवता येतं, आणि इंटरप्ट आल्यावर ते ठरलेल्या टप्प्यावर थांबून नंतर पुढे सुरू होऊ शकतं. त्याचा क्यू सर्व्हर वापरला तर इंजिन नोटबुकच्या बाहेर राहतं. एका टेबलावरच्या प्रयोगाला एवढं सगळं लागत नाही. झिरोएमक्यू या संदेशवहनाच्या लायब्ररीवर लिहिलेला छोटासा सर्व्हर, एका वेळी एकच विनंती घेणारा, पुरेसा होतो. तो टर्मिनलमध्ये चालू ठेवायचा. विनंत्या एका रांगेत येतात, त्यामुळे कुलपाचा प्रश्नही तिथेच मिटतो.

बदल केल्यावर तपासून पाहा

धोका नसलेला भार लावा किंवा आउटपुट बंद ठेवा, आणि मुद्दाम बिघाड घडवा. जोडणीचा सेल लागोपाठ दोनदा चालवा. त्याच उपकरणाची दुसरी नोटबुक उघडून तिथूनही जोडणीचा प्रयत्न करा. इथे स्पष्ट एरर यायला हवी, गुपचूप यश नको. जोडणीचं ऑब्जेक्ट शेवटच्या ओळीवर छापा, एक एरर घडवा, मग बंद करून पुन्हा उघडा. टाइमआउट मोजमापापेक्षा लहान ठेवून एक रीडिंग घ्या आणि लगेच ओळख विचारा. लूप मध्येच थांबवा, आणि उपकरणाच्या पुढच्या पट्टीवर आउटपुटचा दिवा काय सांगतो ते डोळ्यांनी पाहा. चालू असताना यूएसबी केबल काढून परत लावा. शेवटी टास्क मॅनेजरमधून कर्नलची प्रोसेसच मारा, नव्याने सुरू करा, आणि कोडला उपकरणाची खरी स्थिती कळते का ते बघा. यातल्या ज्या पायरीवर ओळखीऐवजी आकडा आला किंवा जोडणीसाठी प्लग काढावा लागला, त्या पायरीचं कारण वर आहे. तेवढं दुरुस्त करून हा क्रम पुन्हा पहिल्यापासून चालवा, कारण एका ठिकाणी घातलेला क्लोज किंवा क्लिअर दुसऱ्या पायरीवर परिणाम करू शकतो.